बिनडागाची ओल

१

"मावशी, तिसरी पार्टीही पळाली," भाची फोनवर म्हणाली आणि रडू येऊ नये म्हणून तिने जोरात नाक ओढलं.

"पळू दे. का पळाली ते सांग."

मी अशीच बोलते. विमा कंपनीत दावे तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. गोदामाला आग लागली की लावली, दुकान चोरांनी लुटलं की मालकानेच मागच्या दाराने रिकामं केलं, हे शोधून काढायचं आणि समोरचा कितीही रडला तरी आपण रडायचं नाही. निवृत्तीनंतर लोक झाडं लावतात म्हणे. मी लावली होती, ती मेली. तेव्हा भाचीचा फोन आला म्हणून मला मनातून बरंच वाटलं, हे कबूल करते.

गोष्ट साधी होती. भाची आणि जावई भाड्याच्या घरात राहत होते. करार संपायला बराच अवकाश होता, पण मनासारखं घर समोर आलं आणि दोघांनी ते घेऊन टाकलं. मालकीणबाई वरच्याच मजल्यावर राहतात. त्यांनी करारातल्या कलमावर बोट ठेवलं. मुदतीआधी जायचं असेल तर महिनाअखेरीपर्यंत आपल्या जागी चांगला भाडेकरू आणून द्यायचा, नाहीतर मुदत संपेपर्यंत भाडं चालू. बँकेचा हप्ता आणि भाडं, दोन्ही झेपणारं नव्हतं. भाडेकरू मिळाला नाही, तर घेतलेलं घर सोडून द्यावं लागणार होतं.

"घर बघायला लोक येतात गं, खूश असतात. मग आतल्या खोलीत गेलं की भिंतीवर ही एवढी ओल. लोक तोंडावर काही बोलत नाहीत, दुसऱ्या दिवशी नको म्हणून कळवतात."

"मग प्लंबरला बोलाव."

"बोलावला होता. तो म्हणाला, या भिंतीत पाइपच नाही. आणि मावशी, ओल फक्त लोक यायच्या दिवशीच येते. एरवी भिंत ठणठणीत कोरडी!"

मी चप्पल पायात सरकवलीसुद्धा होती.

२

घर नीटनेटकं होतं, पण आवराआवरीला लागलेलं. बोळात पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती. स्वयंपाकघरातल्या नळाला पांढरे थर चढले होते, किटलीच्या तळाशी तर खडूचा कारखानाच होता.

"इथलं पाणी असलंच आहे," भाची म्हणाली. "पेले पुसले नाहीत तर वाळल्यावर ठिपके राहतात."

हॉलमध्ये तिचे सासरे इस्त्री करत उभे होते. आयुष्यभर लाँड्री चालवलेला माणूस. दुकान कधीच विकलं, पण घरातल्यांचे कपडे अजून तेच इस्त्री करतात. हातात सुनेचा काळा कुर्ता होता. बोटाने शिवण चाचपत इस्त्री अशी सरळ नेत होते की बघत राहावं.

"या विहीणबाई," माझा आवाज ऐकून ते म्हणाले. "चोर पकडायला आलात?"

"पकडल्याशिवाय चहा घेणार नाही."

"मग कठीण आहे. चहा मी टाकून ठेवलाय." त्यांनी स्वतःच जाऊन चहा ओतून आणला. कपाच्या काठावर बोट होतं, ते भाजल्यासारखं चटकन काढून त्यांनी कानाच्या पाळीला लावलं. मी निमूट चहा घेतला. शब्द मोडायला मला वेळ लागत नाही.

आतल्या खोलीची ती भिंत गडद निळी. मालकीणबाईंनी हौसेने रंगवून घेतलेली. भिंतीपलीकडे जिना, म्हणजे पावसाचाही संबंध नाही. दिव्याचं बटण आणि खिडकीची चौकट यांच्या मधोमध, माणसाच्या छातीच्या उंचीवर ओल येत असे, असं भाचीने दाखवलं. कालची ओल वाळून गेली होती. मी भिंतीला नाक लावलं, नखाने खरवडलं, तिरका उजेड पाडून पाहिलं. रंग कुठेही फुगला नव्हता. निळ्या भिंतीवर साधी रेघही नव्हती.

"काल तर मी वर कॅलेंडर लावलं होतं," भाची म्हणाली. "म्हटलं, आलीच ओल तर झाकली जाईल."

"मग?"

"कॅलेंडरसकट भिजलं! त्या बाई म्हणाल्या, अगंबाई, इथे तर पाणी पाझरतंय."

"ते कॅलेंडर कुठे आहे?"

तिने कचऱ्याच्या पिशवीतून काढून दिलं. वरचं पान सुरकुतून फुगलं होतं. मी एकेक पान उलटत गेले. शेवटचं पान आणि मागचा पुठ्ठा कोरडे, करकरीत. ओल भिंतीतून आली असती तर आधी पुठ्ठा भिजला असता. पाणी समोरून आलं होतं.

"ही ओल नाही," मी म्हटलं. "कोणीतरी तुमच्या भिंतीवर पाणी मारतंय."

३

घराच्या किल्ल्या तिघांकडे. एक घरच्यांची, एक मालकीणबाईंची, एक दलालाची.

दलालाला सगळे समजाभाऊ म्हणतात, कारण त्याचं प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू होतं. तो संध्याकाळी आला तोच तावातावाने.

"समजा, माझ्यावर संशय आहे. समजा, मी असं केलं. मला काय मिळणार?"

"ते तुम्हीच सांगा. तुमच्या मेहुण्याला हे घर कमी भाड्यात हवं होतं, असं कानावर आलंय."

तो चपापला, मग हसला. "हवं होतं. खोटं कशाला बोलू? पण काल दुपारपासून मी पार्टीबरोबर गाडीत होतो. समजा, त्यांनाच फोन लावा."

मी लावला. त्या बाईंनी सांगितलं की दलाल दुपारपासून त्यांच्यासोबतच होता, आणि फार बोलतो. दोन्ही गोष्टी मला पटल्या.

मग वरचा मजला. मालकीणबाईंच्या गॅलरीत कुंड्यांची नुसती दाटी होती आणि त्यांच्या हातात स्प्रेची बाटली. मी आत शिरले तेव्हा त्या एका नाजूक रोपाच्या पानांवर पाणी फवारत होत्या. माझी नजर बाटलीवरून हलेना.

"काय बघता?"

"पानं स्वच्छ आहेत तुमची. इथल्या पाण्याचे ठिपके नाहीत."

"नळाचं पाणी या झाडांना विष आहे. मी खालून आणते. एसीचं पाणी ठिबकतं ना त्यांच्या गॅलरीत, ते डब्यात साठवलेलं असतं. अगदी शुद्ध. रोज दुपारी जाते."

"रोज दुपारी? म्हणजे काल दुपारीही?"

"हो. त्यात काय? दुपारी खाली सासरेबुवा एकटेच असतात. मी त्यांना पेपर वाचून दाखवते. त्यांना चष्मा लावायचा कंटाळा. मग थोड्या गप्पा होतात, पाणी घेते आणि वर येते." त्या जरा थांबल्या. "हे लोक गेले की पेपर भिंतीला वाचून दाखवायचा."

हे शेवटचं वाक्य त्या झाडाकडे बघून बोलल्या. एकटेपणाला मी विम्याच्या नोकरीत पुष्कळदा कारण म्हणून पाहिलंय. त्याच्यापायी माणसं स्वतःचं दुकानही पेटवतात.

म्हणजे संधी होती, कारण होतं, हातात फवारा होता आणि ठिपके न ठेवणारं तेच ते पाणी होतं. दुसरा कोणी असता तर इथेच फाइल बंद केली असती.

४

रात्रीचं जेवण लवकर उरकलं. जावईबापू दुकानातून आले होते. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, डोळे तपासून नंबर काढून देतात.

"मावशी, बाबांना विचारलंत का? ते घरीच असतात."

"विचारलं. मालकीणबाईंखेरीज कोणी आलं नाही म्हणतात. त्यांच्यावर शंका घेतली तर मलाच ओरडले. 'ती बाई असलं काही करणार नाही' म्हणाले."

"बाबांचा तसा स्वभावच आहे. पण नजर पक्की हं त्यांची! अजूनही माझ्या दुकानातल्या तक्त्याची शेवटची ओळ खडाखडा म्हणतात. या वयात!"

तेवढ्यात सासरेबुवा पाणी प्यायला उठले. हात भिंतीवरून हलकेच सरकत होता. बोळात वळताना त्यांची नडगी खोक्यावर आपटली आणि ते कळवळले.

"अहो बाबा, हे खोकं कालच इथे ठेवलंय, सांगायचं राहिलं," भाची धावली. पायजमा वर सरकला होता. नडगीवर ताजा ओरखडा होता आणि त्याशेजारी जुने, हिरवेनिळे झालेले दोन-तीन.

"अंधार आहे गं बोळात," ते म्हणाले.

बोळातला दिवा चालू होता.

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. तपासात एक क्षण असा येतो की सगळं जुळतं आणि ते जुळू नये असं वाटतं. एरवी मला तो क्षण फार आवडतो. त्या रात्री नाही आवडला. ओठावर आलेलं नाव मी गिळलं आणि म्हटलं, "उद्या सकाळी सगळ्यांना बोलवा. मालकीणबाई आणि समजाभाऊसुद्धा."

"कळलं का कोण ते?"

"कळलं."

"कोण?"

"उद्या," मी म्हटलं आणि झोपायला गेले. झोप काही लागली नाही.

५

सकाळी सगळे आतल्या खोलीत जमले. भिंतीपुढे मी, पलंगावर भाची आणि जावई, खुर्चीत मालकीणबाई, दारात समजाभाऊ. सासरेबुवा खिडकीजवळच्या टेबलाला टेकून उभे.

"दोनच गोष्टी सांगते," मी सुरुवात केली. "पहिली म्हणजे ही भिंत. तीनदा भिजली, तीनदा वाळली. गडद निळा रंग आहे. इथल्या नळाचं पाणी पेल्यावर ठिपके ठेवतं, मग भिंतीवर पांढरे ओघळ का नाहीत?"

मी भिंतीवरून तळहात फिरवला.

"कारण ते नळाचं पाणी नव्हतंच. ते गॅलरीतल्या डब्यातलं, एसीचं पाणी होतं."

सगळ्यांच्या माना मालकीणबाईंकडे वळल्या. त्या ताडकन उठल्या.

"म्हणजे मी? माझ्याच भिंतीवर मी पाणी मारीन? ज्या घरात पाय ठेवला त्याच घरात..."

"समजा, एकटेपणा..." समजाभाऊने तोंड घातलं.

"तुम्ही गप्प बसा हो!"

"काकू, पण ते पाणी तुम्हीच नेता..." भाची म्हणाली. "आमचं घर जाईल हो यात."

"थांब," मी म्हटलं. "दुसरी गोष्ट ऐक. परवा या भिंतीवर कॅलेंडर होतं. पाणी मारणाऱ्याने ते तसंच ठेवून त्याच्यावरच पाणी मारलं. ओल भिंतीतून आल्याचा देखावा करायचा आणि कॅलेंडर पुढून भिजवायचं, असा वेडेपणा कोण करील? मालकीणबाईंची नजर घारीची. त्यांनी आधी ते खिळ्यावरून काढलं असतं. कोणीही काढलं असतं. कॅलेंडर तिथे आहे, हे ज्याला दिसलं तो प्रत्येक जण."

मी बोलणं थांबवलं. मुद्दामच थांबवलं. उरलेलं सांगायचा हक्क माझा नव्हता.

जावईबापूंच्या कपाळावर आठ्या पडल्या. ते माझ्याकडे, मग भिंतीकडे, मग वडिलांकडे बघायला लागले.

"जावईबापू," मी हळूच विचारलं, "दुकानातला तो तक्ता किती वर्षं तोच आहे?"

"दुकान काढल्यापासून..." ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"पाठ झालाय मला," सासरेबुवा म्हणाले. "तुझ्या लहानपणीचे पाढे पाठ आहेत, तसा. त्या बाईंना काही बोलू नका. पाणी मी मारलं."

६

"बाबा, तुम्ही?" भाची एवढंच म्हणू शकली.

"मला वाटलं, जाणं जरा लांबेल." टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. "या घरात मला सगळं ठाऊक आहे. दारापासून टेबल कुठे, नळ कुठल्या बाजूला फिरतो, उंबऱ्याची फरशी कुठे उचललेली आहे. इथे मी डोळस आहे रे. नव्या घरात पहिल्याच दिवशी तुम्हाला कळलं असतं."

"कधीपासून दिसत नाही?" जावईबापूंनी विचारलं.

"उजेड दिसतो. खिडकी कळते. माणूस आला की सावली हलते. बाकी गेलं हळूहळू."

"आणि मी रोज गावभरच्या लोकांचे डोळे तपासतो!" जावईबापू उठले. मला वाटलं, आता ते ओरडणार. ओरडलेच. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! एक शब्द बोलला असतात तर? उरलेलं तरी राखता आलं असतं की!"

"तेच नको होतं. तू दुकान बंद करून माझा हात धरून फिरला असतास."

"धरला असता! तुम्ही नाही धरलात माझा?"

मालकीणबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मला वाटायचं, यांना माझं वाचन आवडतं."

"आवडतंच," ते लगेच म्हणाले. "मथळे जरा भरभर वाचता, एवढंच."

भाची मात्र अजून तशीच बसली होती. तिचा राग गेला नव्हता, आणि तो जायची घाई करावी असं मलाही वाटलं नाही. "बाबा, भाडेकरू मिळाला नाही तर जाणं लांबत नाही," ती म्हणाली. "घरच जातं. दोन्हीकडचं आम्हाला झेपत नाही. तुम्हाला काळजी नको म्हणून आम्ही बोललो नाही."

सासरेबुवांचा हात टेबलावरून खाली आला. "घर जातं? हे मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत!"

एका छपराखाली तीन माणसं, तिघेही एकमेकांना जपत होते आणि त्या जपण्यापायी घर घालवायला निघाले होते. मी माझ्या नोकरीत पुष्कळ लबाड पाहिले. त्यांनाही एवढं नुकसान इतक्या सहज करता आलं नव्हतं.

"मला एक सांगा," समजाभाऊने डोकं खाजवलं. "समजा, पाणीच मारायचं होतं, तर नळाचं का नाही मारलं? ते हाताशी होतं. डागही कायमचा पडला असता."

सासरेबुवांचा चेहरा एकदम ताठ झाला. "म्हणजे काय? दुसऱ्याच्या वस्तूवर डाग पाडू? आयुष्यभर लोकांचे गडद कपडे इस्त्री केले मी, एकावर पांढरा ठिपका दिसला नाही. बाईंनी एवढ्या हौसेने भिंत रंगवलीय."

"पण अहो, भाडेकरू तर पळवलेत!" मालकीणबाई म्हणाल्या.

"भाडेकरू दुसरा मिळतो. डाग निघत नाही."

आधी मालकीणबाई हसल्या, मग समजाभाऊ, आणि शेवटी डोळे पुसत भाचीसुद्धा. तपासात त्यांच्या या सवयीचाही मला धागा मिळाला होता. गुन्हा करतानाही हा माणूस धंद्याचा नियम मोडू शकला नाही.

७

चौथी पार्टी लगेचच आली. एक शिक्षिका आणि तिची आई. समजाभाऊ पुढे सरसावला तर सासरेबुवांनी त्याला बाजूला केलं.

"घर मी दाखवतो."

आणि त्यांनी असं घर दाखवलं, असं दाखवलं की दलालाने वही काढून लिहून घ्यावं. सकाळचं ऊन कुठल्या फरशीपर्यंत येतं, खिडकीची कोणती कडी जरा उचलून लावावी लागते, कुठे उभं राहिलं की उन्हाळ्यातही वारा लागतो. उंबऱ्यापाशी आल्यावर म्हणाले, "आजी, सांभाळून, फरशी उचललेली आहे." ती आजी स्वतःच्या डोळ्यांनी बघत असून अडखळली असती. निळ्या भिंतीपुढे उभे राहून त्यांनी स्पष्ट सांगितलं, "इथे मधे मी पाणी सांडलं होतं. हात लावून बघा, कोरडी आहे."

आजीने हात लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी होकार आला. मालकीणबाईंनी कराराच्या कागदावर सही केली आणि म्हणाल्या, "नव्या घरी पेपर वाचायला मी येणार. आणि पाणी न्यायलाही. मला आत्ताच सांगून ठेवा, एसी कुठे लावणार."

डोळ्यांचे डॉक्टरही झाले. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राखता येईल, असं ते म्हणाले. जावईबापूंनी दुकानातला तक्ता काढून नवा लावला. जुना कुठे टाकला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सामानाचा टेम्पो भरायचा होता त्याच्या आदल्या दिवशी सासरेबुवांनी मुलाला हाक मारली. "आधी मला घेऊन चल. खोल्या रिकाम्या आहेत तोवर."

आम्ही सगळेच गेलो. नव्या घरात नुसता रंगाचा वास आणि आवाजाचा घुमारा. जावईबापू हात धरायला पुढे झाले. सासरेबुवांनी हात धरू दिला, पण दारापर्यंतच. आत गेल्यावर तो सोडला आणि डावी भिंत धरून चालायला लागले. दार, चौकट, बटणं, कोपरा. आम्ही मागे उभे. कोणी "सांभाळून" म्हटलं नाही. भाचीने तर तोंडावर हात दाबून धरला होता. एकदा ते चुकले, पुन्हा दारापाशी येऊन सुरुवात केली. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी थांबले, उन्हाकडे पाठ केली.

"सूनबाई, इस्त्रीचं टेबल इथे. आणि खोकी बोळात ठेवायची नाहीत."

"नाही ठेवणार, बाबा."

मग त्यांनी शेवटची भिंत तळव्याने चाचपली, खालपासून वरपर्यंत, अगदी सावकाश. घर बघायला आलेल्या पार्टीसारखी मान डोलवली आणि आमच्याकडे वळले.

"पसंत आहे," ते म्हणाले. "भिंती कोरड्या आहेत."